दाराशी पालथा हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, एका अख्ख्या समाजाचं स्वातंत्र्य जगाच्या कानावर पडण्याआधी माझ्या पोटात बोललं गेलं आहे. हे वाक्य मी बरीच वर्षं घासूनपुसून ठेवलेलं आहे. ते ऐकल्यावर समोरच्याने क्षणभर मान खाली घालावी, अशी माझी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यात डुकराची चरबी आणि राखेचं पाणी उकळत होतं, कारण घरातला साबण संपला होता.

तर पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तर भागात, ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. तीन पाय, दोन कान आणि उरलेलं सगळं पोट, असा माझा बांधा. ओतताना एक पाय किंचित आखूड राहिला. कारागिराने मला फरशीवर ठेवून हलवून पाहिलं, मी डुगडुगलो. तो म्हणाला, "चालेल. दक्षिणेत पाठवा." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक.

आगबोटीने मी लुइझियानात आलो आणि पेकन बेंड नावाच्या गावाच्या धक्क्यावर उतरलो. कापसाच्या मळ्यासाठी विकत घेतलेली माणसंही त्याच बोटीत होती. मला उतरवताना मळ्याचा मालक हमालांना म्हणाला, "सांभाळून, तडा जाईल." माणसं उतरवताना तो काही म्हणाला नाही. त्या माणसांत टेम्पी नावाची एक मुलगी होती आणि तिचा हात घट्ट धरून उभा असलेला तिचा धाकटा भाऊ अँडरसन. मळ्यावर टेम्पीला धुण्याच्या कामाला लावलं आणि मला तिच्या ताब्यात दिलं. तेव्हापासून आमचं जमलं.

दिवसभर माझ्यात मालकाच्या घरचे कपडे उकळत. मित्रांनो, मोठ्या माणसांबद्दलचा आदर टिकवायचा असेल, तर त्यांचे कपडे उकळण्याचं काम घेऊ नये. बाकी या विषयावर मी गप्प राहीन. गप्प राहण्याबद्दलच माझी ख्याती होती.

ती ख्याती कशी झाली तेही सांगतो. मळ्यावरच्या लोकांना एकत्र जमून प्रार्थना करायला बंदी होती. चार माणसं एका ठिकाणी बसून देवाशी बोलू लागली की मालकाला वाटे, हे माझ्याबद्दलच बोलत असणार. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता. म्हणून लोक कुणाच्या तरी झोपडीत चोरून जमत आणि मला दाराशी पालथा घालत. माझ्या काठाखाली लाकडाची एक ढलपी सरकवून थोडी फट ठेवत. समजूत अशी, की माणसांचे आवाज त्या फटीतून हंड्यात शिरतात आणि तिथेच राहतात. बाहेर गस्त घालणाऱ्यांच्या कानापर्यंत जात नाहीत. ही युक्ती मुळात कोणाची, ते शॅड्रॅककाकांनाही सांगता येत नसे. शॅड्रॅककाका म्हणजे प्रार्थना सांगणारे म्हातारे. बाकी जगातलं सगळं त्यांना माहीत असे. हंड्याचा विषय निघाला की मात्र ते "आमची आजी घालायची" एवढंच म्हणत.

आता खुद्द हंड्याचं मत विचाराल, तर माझ्यात एकही आवाज शिरला नाही. शिरल्या त्या गोगलगाई. पण लोक माझ्यावर भरवसा ठेवून, माझ्याकडे तोंड करून, वाकून बोलत. वाकून हंड्याशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप बारीक होतो. गस्तवाल्यांना काही ऐकू गेलं नाही, श्रेय मला मिळालं आणि मी ते नाकारलं नाही. वर्षानुवर्षं असं चालल्यावर त्या लोकांचे कान इतके तयार झाले, की पानावर पान घासल्याएवढा आवाजही त्यांना पुरत असे.

पुढे उत्तर-दक्षिण लढाई झाली आणि गुलामी संपली. मळा सोडताना टेम्पीने मला हातगाडीवर चढवलं. मालक पायरीवर उभा होता. "हंडा कुठे नेतेस?" त्याने विचारलं.

"त्यालाच विचारा, साहेब," टेम्पी म्हणाली. "आता ज्याला त्याला विचारायची पद्धत आहे म्हणतात."

मी काही बोललो नाही, त्यामुळे गेलो.

गावाबाहेर लोकांनी स्वतःच्या हातांनी फळ्यांचं चर्च बांधलं. पहिल्याच रविवारी शॅड्रॅककाका मला गडगडत घेऊन आले आणि दाराशी पालथा घालू लागले.

"काका, आता कशाला हंडा?" टेम्पी म्हणाली. "आता मोठ्याने बोलायला परवानगी आहे."

"परवानगी आहे गं. पण परवानगी देणारे उत्तरेचे शिपाई इथे किती दिवस मुक्कामाला आहेत, ते विचारलंस का?"

टेम्पीने विचारलं नव्हतं. मग ठरलं, की गाणी म्हणताना हंडा नको, पण काही महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा हंडा हवाच. मला ही व्यवस्था आवडली. एखाद्या भांड्याला इतकं कळीचं पद सहसा मिळत नाही.

पेकन बेंडला नवल घडलं ते त्यानंतर काही वर्षांनी. कोर्टाच्या ज्यूरीवर बसण्यासाठी काळ्या माणसांचीही नावं निघाली. कालपर्यंत ज्यांना कोर्टात फक्त माल म्हणून नेत, ती माणसं आता बाकावर बसून दुसऱ्याचा न्याय करणार होती. पहिल्याच खेपेला अँडरसनचं नाव निघालं. तेव्हा रविवारी जेवणं आटोपल्यावर चर्चमध्ये बैठक भरली. मी दाराशी पालथा. विषय अत्यंत गंभीर होता. ज्यूरीत बसणाऱ्याच्या पायात बूट कोणाचे घालायचे?

धड बूट साऱ्या मंडळीत एकट्या इलायजा प्रुइटकडे होते.

"अँडरसनचा पाय म्हणजे नांगर आहे, काका," इलायजा म्हणाला. "माझे बूट उसवतील."

"न्यायासाठी उसवले तर उसवले," शॅड्रॅककाका म्हणाले.

"न्याय सगळ्यांचा आणि बूट तेवढे माझे."

"मग तू जा ना ज्यूरीत."

"माझं नाव नाही निघालं. माझ्या बुटांचं निघालंय."

हेगर आजी पुढच्या बाकावर होती. तिला ऐकू कमी येई, म्हणून ती स्वतः ओरडून बोले. तिच्यापुढे माझा काही इलाज चालत नसे. ती म्हणाली, "अरे, पायात घालून तर बघा. सगळा वेळ तोंडानेच चालताय."

इलायजाने कुरकुरत बूट काढले. अँडरसनने ते कसेबसे पायात कोंबले आणि दोन पावलं टाकून दाखवली. लंगडणाऱ्या घोड्यासारखा दिसत होता. "ताई, कसा दिसतो?" त्याने टेम्पीला विचारलं.

"जज दिसतोस," ती म्हणाली. "फक्त बसून राहा. चालू नकोस."

सगळे हसत होते. तेवढ्यात घोडे आले.

लोकांना वाटतं, झुंडी रात्री येतात. पेकन बेंडची झुंड रविवारचं जेवून, जरा लवंडून आली. काळी माणसं बसलेली ज्यूरी त्यांना नको होती, आणि ज्यूरी बसू द्यायची नसेल तर ज्यूरीवाल्यांना उठवावं, इतका सरळ त्यांचा विचार. पुढारी होते मि. गँट, गावातले मोठे दुकानदार. त्यांची टोळी रस्त्याच्या बाजूने आली, दुसरी नदीच्या बाजूने. चर्च मध्ये. दोन्हीकडून गोळ्या सुरू झाल्या. फळ्यांच्या भिंतीतून गोळी आरपार जाते आणि पलीकडे आपलाच माणूस उभा असतो, एवढा विचार करायला एक डोकं लागतं. झुंडीला डोकी पुष्कळ असतात, पण ते एक नसतं.

टेम्पी दाराजवळ होती. ती माझ्यामागे आडवी झाली. एक गोळी माझ्या कुशीला लागली आणि मी वाजलो. इतक्या वर्षांत माझ्या पोटातून पहिल्यांदाच आवाज बाहेर आला. तो मला अजून आठवतो, आणि आठवला की आवडत नाही.

तेवढ्यात चर्चला वळसा घालून एक गोरा पोरगा धावत आला. मि. गँटचा पुतण्या वॉल्टर. नदीच्या बाजूच्या टोळीत होता तो. तो दारासमोर पडला, टेम्पीपासून हातभर अंतरावर.

मग सगळं शांत झालं आणि घोडे गेले. चर्चमध्ये हेगर आजी होती, जिला पळा म्हणून सांगितलेलं सगळ्यात शेवटी कळलं. सायरस आणि सायलस बँक्स हे जुळे भाऊ होते, एकमेकांच्या अंगावर पडलेले. आणि इलायजा प्रुइट होता, अनवाणी. त्याचे बूट अँडरसनच्या पायात होते. त्या बुटांमुळेच अँडरसनला पळता आलं नाही आणि शेरीफच्या लोकांनी त्याला तिथेच पकडलं. आरोप असा, की वॉल्टर गँटचा खून त्याने केला.

पेकन बेंडमध्ये कायद्याची स्थिती तेव्हा अशी होती. आमच्या चौघांना कोणी मारलं ते कोणालाच माहीत नव्हतं आणि वॉल्टरला कोणी मारलं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

अँडरसन फाशी जाणार की सुटणार, हे आता एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. वॉल्टर पडताना जवळून पाहणारं एकच माणूस जिवंत होतं, आणि ते माणूस जन्मभर हंड्याशी कुजबुजत आलेलं होतं.

खटल्याच्या आधीच्या सोमवारी टेम्पी अंगणात माझ्याखाली जाळ घालत होती, तेव्हा मि. गँट आले. त्यांचे कपडे आमच्याकडेच धुवायला असत. गोरे लोक टेम्पीला मावशी म्हणत. प्रेमामुळे नव्हे, तसं म्हटलं की बाई म्हणावं लागत नाही.

"टेम्पी मावशी, माझे सदरे कधी मिळतील?"

"वाळले की, साहेब."

"तू कोर्टात जाणार असं ऐकतो."

"ओले सदरे टाकून कुठे जाऊ?"

मि. गँट हसले. ते नेहमी हसत. दुकानदारच ते. काठीने त्यांनी माझ्यातला एक सदरा वर काढून पाहिला आणि परत सोडला. "पाणी फार उकळतंय, मावशी. जपून राहा. एकदा भाजलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही."

"होय, साहेब. खळ किती घालू?"

"भरपूर घाल. कोर्टात मलाही जायचंय."

तिने भरपूर घातली. इतकी, की तो सदरा मि. गँटशिवायही उभा राहिला असता.

कोर्ट भरलं ते कापसाच्या एका गोदामात, वरच्या मजल्यावर. कोर्टाची मूळ इमारत आधीच अज्ञात इसमांनी जाळली होती. पेकन बेंडमध्ये अज्ञात इसम फार, आणि ते सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. तरीही ज्यूरी बसली. अँडरसनची जागा दुसऱ्या एकाने घेतली होती. पुढच्या बाकावर गोरे, मागच्या बाकावर काळे. अँडरसन पिंजऱ्यात उभा होता, इलायजाच्या बुटांत. चित्रांतल्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते. आमच्या जजसाहेबांच्या कानांत कापूस होता. त्यांचे कान थंडीने ठणकत होते, आणि कापूस त्या गावात मुबलक.

खाली रस्त्यावर घोडेस्वार उभे होते. काही करत नव्हते, नुसते उभे होते.

अशा वेळी शॅड्रॅककाकांना जे सुचलं ते आमच्याच माणसाला सुचू शकतं. त्यांनी दोघांना हाताशी घेऊन मला जिना चढवला. दारावरचा शिपाई म्हणाला, "हे काय?"

"हंडा, साहेब."

"ते दिसतंय. कशाला?"

"साक्ष आहे ना बाईंची. हंडा नसला की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. जुनी सवय."

सरकारी वकील कर्नल दुप्रे आत उभे होते. ते म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. शपथ दोघांनाही देऊ." गोदाम हसलं. जजसाहेबही हसले, कारण सगळे हसताना दिसले.

काकांनी मला दाराशी पालथं घातलं, खाली ढलपी सरकवली आणि टेम्पीकडे पाहून मान हलवली. म्हणजे, बोल आता बिनधास्त, रस्त्यावर काही जाणार नाही.

आणि टेम्पी बोलली. खुर्चीत बसून, थोडी वाकून, माझ्याकडे तोंड करून, सगळं बोलली. घोडे कुठून आले, कोण पुढे होतं, वॉल्टर कसा पडला. काही गाळलं नाही. मागच्या बाकावरच्या ज्यूरींना शब्द न् शब्द ऐकू गेला. एकाने डोळे पुसले. पिंजऱ्यात अँडरसनला ऐकू गेला. पुढच्या बाकावरच्यांना मात्र, ज्यांचं सगळं आयुष्य ओरडून हुकूम सोडण्यात गेलं होतं, एका बाईचे ओठ हलताना दिसले, एवढंच. जजसाहेबांचा तर प्रश्नच नव्हता.

कर्नल दुप्रे उठले. "साक्षीदाराने काहीही सांगितलेलं नाही, अशी नोंद व्हावी."

"सांगितलंय की," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"काय सांगितलं?" जजसाहेबांनी विचारलं.

"जरा मोठ्याने, बाई," अँडरसनचा वकील म्हणाला. तो उत्तरेकडून आलेला तरुण मुलगा होता. टेम्पीला त्या गावात बाई म्हणणारा तो पहिला गोरा माणूस, त्यामुळे तिने आधी मागे वळून पाहिलं, तो कोणाशी बोलतोय ते.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. आवाज वर यायला बघे आणि माझ्यावर नजर गेली की खाली बसे. पुढच्या बाकावरच्या एकाने जांभई दिली. मि. गँट आपल्या सदऱ्यात ताठ बसून होते. कर्नल दुप्रे कागद गोळा करू लागले. "न्यायमूर्तींचा वेळ," ते म्हणाले, "आणि हंड्याचाही."

अँडरसन पिंजऱ्यातून म्हणाला, "राहू दे, ताई. मला ऐकू आलं. मला पुरे."

ते त्याने त्या जुन्याच आवाजात म्हटलं, पानावर पान घासावं तसं. पुढच्या बाकाला तेही ऐकू गेलं नाही. टेम्पीला गेलं.

ती खुर्चीवरून उठली. शिपायाला वाटलं, बाई चालली. ती सरळ दाराकडे, माझ्याकडे आली. शॅड्रॅककाका जागेवरून अर्धे उठले आणि डोक्याने नको नको म्हणू लागले. खाली घोडे आहेत, अगं.

टेम्पीने माझा कान धरला.

"काका," ती म्हणाली, "हा भरला. आता यात जागा नाही."

आणि तिने मला उलटवलं. मी तीन पायांवर उभा राहिलो, आखूड पायावर एकदा डुगडुगलो, आणि थांबलो. माझं तोंड वर होतं. ढलपी घरंगळत जिन्यावरून खाली गेली.

मग ती बोलली, तिथूनच, दारात उभी राहून. आयुष्यभर शिल्लक राहिलेला सगळा आवाज होता तो. खाली घोड्यांनी कान टवकारले, हे मी स्वतः ऐकलं.

"साक्षीदाराने खुर्चीत बसावं," जजसाहेब म्हणाले.

"इथून ऐकू येतंय ना, साहेब?"

जजसाहेबांनी एका कानातला कापूस काढला. "येतंय."

"मग इथेच बरी आहे." ती पुढे म्हणाली, "एक टोळी रस्त्याने आली, एक नदीकडून. दोन्हीकडून गोळ्या. वॉल्टर नदीकडचा. तो पळत वळसा घालून आला, हात वर करून. रस्त्यावरचे घोडे बघून थांबला. म्हणाला, 'काका, मी आहे. मी आहे, काका.' दोनदा म्हणाला. मग पडला."

"गोळी कोणी मारली, हे तुला कसं ठाऊक?" कर्नल दुप्रेंनी विचारलं.

"बंदूक ज्याच्या हातात होती त्याच्याकडे बघूनच तो बोलत होता, साहेब. माझ्या भावाला काका म्हणायचं त्याला काही कारण नव्हतं."

गोदामात कोणी हसलं नाही. मि. गँटनी मान खाली घातली. तो सदरा मान खाली घालू देत नव्हता, तरी घातली. मग ते उठले आणि बाहेर निघाले. दारात मी होतो. त्यांची नडगी माझ्यावर आदळली आणि मी पुन्हा वाजलो. या वेळचा आवाज मला तितकासा वाईट वाटला नाही, पण लगेच त्यांचा चेहरा दिसला आणि तोही आनंद गेला. पुतण्या होता त्यांचा तो. ते हे आधीपासून जाणून होते, आणि तरी अँडरसनला फासावर चढवायला निघाले होते. मला वाटतं, त्यांना दुसऱ्या कोणाचं तरी नाव त्या गोळीवर हवं होतं.

"झालं?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही," टेम्पी म्हणाली. "हेगर कोल. सायरस बँक्स. सायलस बँक्स. इलायजा प्रुइट."

"हरकत," कर्नल दुप्रे म्हणाले. "हा खटला त्यांचा नाही."

"मग त्यांचा कधी आहे, साहेब?"

जजसाहेबांनी कर्नलकडे पाहिलं, मग छताकडे. "हा खटला त्यांचा नाही," ते म्हणाले. "ही नावं लिहून घेऊ नका." कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

संध्याकाळी ज्यूरीने अँडरसनला निर्दोष सोडलं. पुढचा बाक कुरकुरला, पण आपण ते ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय आता कोणाला उरली नव्हती. अँडरसनने बाहेर येताच बूट काढले आणि अनवाणी चालत जाऊन इलायजाच्या बायकोच्या हातात दिले. ते खरोखरच उसवले होते. तिने ते तसेच छातीशी धरले.

त्या चौघांसाठी टेम्पी आणि अँडरसन मग कुठे कुठे गेले. न्यू ऑर्लिन्सला गेले. तिथे झुंडीतल्या काही जणांवर खटला उभा राहिला आणि वरच्या कोर्टात आडवा झाला. वरचं कोर्ट म्हणालं, हे बघणं राज्याचं काम. राज्य म्हणालं, बघतो. मित्रांनो, ते अजून बघतंय. दरम्यान आमचं घर अज्ञात इसमांनी जाळलं. मी जळालो नाही, मला जाळाची सवय होती. भावंडं नदीपलीकडे राहायला गेली, मलाही नेलं. टेम्पी म्हातारी झाली. तिचा आवाज शेवटपर्यंत मोठा राहिला आणि शेजारी त्याबद्दल तक्रार करत.

ती गेल्यावर मला उतरती कळा लागली. कपडे धुण्याची यंत्रं आली. मी काही वर्षं डुकरांना पाणी पाजलं. मग चर्चमागच्या गवतात पडून होतो, माझ्या पोटात पावसाचं पाणी आणि बेडूक. शेवटी एका संग्रहालयाने मला उचलून आणलं, काळा रंग दिला आणि प्रवेशदाराशी उभं केलं. शेजारी पाटी लावली, 'उसाचा रस आटवण्याचा हंडा'. मी आयुष्यात ऊस पाहिलेला नाही.

शाळेची मुलं येतात, पाटी वाचतात, पुढे जातात. म्हणून मीच सांगायचं ठरवलं. पूर्वी लोक म्हणत की सगळे आवाज माझ्यात राहतात, आणि तेव्हा एकही राहत नव्हता. राहिली ती फक्त चार नावं, जी कोर्टाने लिहून घेतली नाहीत, आणि तीही मी सुलटा असताना पडलेली. हेगर कोल, सायरस बँक्स, सायलस बँक्स, इलायजा प्रुइट. तुम्ही ती एकदा मोठ्याने म्हणा. घरी म्हणा, शाळेत म्हणा. कोणी म्हणेल, हा विषय त्यांचा नाही. तेव्हा टेम्पीने विचारलं होतं तेच विचारा, मग त्यांचा कधी आहे. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या भांड्यांकडे जरा नीट बघा, त्यांच्यावरच्या पाट्यांवर लगेच विश्वास ठेवू नका, आणि एखाद्याचा आवाज बारीक असेल तर त्याला सांगायचंच नाही असं समजू नका, आधी आपल्या कानातला कापूस काढा.

आणि जाताजाता एक. मी दाराशी असल्यामुळे पावसाळी दिवसांत लोक माझ्यात छत्र्या ठेवतात. ठेवायला माझी ना नाही. फक्त बाहेर एकदा झटकून ठेवा. ओल राहिली की मला आतून गंज चढतो.